अंग कमावणे आणि अंग जाणणे

मराठी भाषेला शरीराचे मोठे कौतुक आहे. कष्टाळू माणूस अंग मोडून काम करतो, कामचुकार अंग चोरतो, विद्या अंगी बाणते, सवय अंगवळणी पडते, आणि तालमीत जाणारा मुलगा अंग कमावतो. भाषेच्या ह्या भांडारात एक वाक्प्रयोग मात्र क्वचितच कानी पडतो, तो म्हणजे अंग जाणणे. आपले पाऊल जमिनीवर कसे पडते, ओझे उचलताना भार पाठीवर येतो की मांडीवर, श्वास कोठे अडतो, खांदे कानाकडे कधी चढतात, ह्याची जाण किती जणांना असते? चालणे तर आपण दुसऱ्या वर्षीच शिकलो, आता त्यात जाणायचे काय उरले, अशीच बहुतेकांची समजूत असते.

ह्या समजुतीला धक्का देणारे एक शास्त्र आहे. त्याला इंग्रजीत फिजिओथेरपी आणि मराठीत भौतिकोपचार म्हणतात. आज आपणांपुढे त्या शास्त्राचा इतिहास मांडावा असे आम्ही योजिले आहे. बलवानाचे अंग घडविण्याची विद्या महाराष्ट्रात फार जुनी आहे. दुर्बलाच्या अंगाला पुन्हा हालचाल शिकविणारी विद्या मात्र आपल्याकडे शाळा घालून शिकविली जाऊ लागली त्याला अवघी पाऊणशे वर्षे होत आहेत. ती कोठून आली, कोणी आणली, आणि मुंबईहून निघून सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावदपर्यंत येता येता कोठे अडली, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम एक साधा प्रयोग करू. घरी गेल्यावर भिंतीजवळ एका पायावर उभे राहा आणि मग डोळे मिटा. उघड्या डोळ्यांनी स्थिर असलेले शरीर डोळे मिटताच डोलू लागते. तरीही आपण एकदम कोसळत नाही, कारण शरीराची बातमी मेंदूला देणारे डोळ्यांखेरीज आणखी हेर आहेत. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय, तळपायाची त्वचा, आणि प्रत्येक स्नायूत व स्नायुबंधात दडलेली सूक्ष्म ग्राहके, ही सारी मिळून कोणता सांधा किती वाकला आणि कोणता स्नायू किती ताणला ह्याची वर्दी क्षणोक्षणी मेंदूकडे धाडीत असतात. सर चार्ल्स शेरिंग्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1906 साली ह्या अंतःसंवेदनेला स्वतंत्र नाव देऊन तिचे शास्त्रीय विवेचन केले. पुढे 1932 साली मज्जापेशींवरील संशोधनासाठी त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. पंचेंद्रियांची नावे पोरासोरांना पाठ असतात, परंतु ज्या संवेदनेच्या जोरावर आपण अंधारात घास तोंडात घालतो तिचे नाव शिकलेल्यांनाही ठाऊक नसते.

नाव नव्हते म्हणून अनुभव नव्हता असे मात्र नाही. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त व्यायामाचा नियम सांगितला आहे. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेसुद्धा आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच व्यायाम करावा, आणि तोही हिवाळ्यात व वसंतात; इतर ऋतूंत त्याहून कमी. ऐकायला हा नियम सोपा वाटतो. पण निम्मी शक्ती कोणती हे कळायला आधी पूर्ण शक्ती किती हे ठाऊक हवे. ते वैद्य सांगू शकत नाही, ज्याचे अंग त्यानेच ते ओळखायचे असते. ह्या नियमाच्या पोटात अंग जाणण्याची अट दडलेली आहे.

दुसरे उदाहरण खास आपल्या मातीतले आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली, असे परंपरा सांगते. शिसवी अथवा सागवानी गुळगुळीत खांब, त्याला एरंडेल चोळलेले, आणि त्यावर पायाच्या अंगठ्याच्या पकडीने उलटे लोंबकळणारा गडी! तेथे केवळ दंडात जोर असून भागत नाही. पकड बोटभर चुकली की खांब तत्काळ खाली उतरवितो. ह्या गुरूपाशी वशिला चालत नाही आणि तो चूक उद्यावर टाकीत नाही. विसाव्या शतकात औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले, वैद्य बंधूंनी अमरावतीस 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि त्या मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मराठी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत बसविले. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यास आले आणि पुढे ज्यांचे अंग वाकत नाही अशांनाही आसन साधावे म्हणून लाकडी ठोकळे, पट्टे आणि दोर ह्यांचा आधार देऊ लागले.

ही परंपरा अभिमानास्पद आहे ह्यात शंका नाही. परंतु तिचा दरवाजा कोणासाठी उघडा होता हेही पाहिले पाहिजे. तालमीत जायचा तो धडधाकट मुलगा. लंगडणारा मुलगा, बाळंतपणानंतर कंबर धरून बसलेली सून, वाऱ्याने एक अंग लुळे पडलेला म्हातारा, ह्यांना तालमीत जागा नव्हती. त्यांच्या वाट्याला मालीश, शेक, डाग आणि दैव एवढेच होते. अय्यंगारांचे ठोकळे व दोर पुढे बहुमोल ठरले खरे, पण तेही शहरात राहणाऱ्यांच्या हाती लागले. हाडवैद्य मोडलेले हाड बसवीत, पण हाड जुळल्यावर पाय कसा टाकायचा हे शिकविणारा कोणी नव्हता.

युरोपातही आरंभ बलवानांपासूनच झाला. पेर हेन्रिक लिंग ह्या तलवारबाजी शिकविणाऱ्या स्वीडिश गृहस्थाने 1813 साली स्टॉकहोमला व्यायामाची राजमान्य संस्था काढली. तिच्या अभ्यासक्रमात सैनिकी व शालेय व्यायामाबरोबर रोग्यांसाठी व्यायाम असा एक भाग होता. इंग्लंडात 1894 साली चार परिचारिकांनी पुढाकार घेऊन मर्दन करणाऱ्या शिक्षित स्त्रियांची संस्था स्थापिली, तिला 1920 साली राजाची सनद मिळाली. मधल्या काळात पहिले महायुद्ध होऊन गेले होते. लक्षावधी तरुण हातपाय गमावून परतले होते आणि त्यांना पुन्हा उभे करणे हे राष्ट्राचे कर्तव्य ठरले होते. दुर्बलांचे हे शास्त्र मोठे झाले ते असे, युद्धातील जखमींच्या कुबड्यांवर.

आपल्याकडे ते काम पोलिओने केले. हा रोग पाठीच्या कण्यातील, स्नायूंना हालचालीची आज्ञा पोचविणाऱ्या मज्जापेशींवर घाला घालतो. मुलाला पायाचा स्पर्श कळतो, वेदना कळते, पण पाय हलत नाही. मुंबईच्या फातिमा इस्माईल ह्या स्वातंत्र्यचळवळीत वाढलेल्या बाईंच्या लहानग्या मुलीला हा रोग झाला. बहुतेक डॉक्टरांनी आशा सोडलेली. बाई मुलीला घेऊन मद्रासला डॉ. कीनी ह्यांच्याकडे गेल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी पुण्यास भौतिकोपचाराची जी सोय झाली होती, तेथेही त्यांनी मुलीवर उपचार करविले. मुलगी सुधारली. एखादी आई येथेच देवाला नारळ फोडून थांबली असती. ह्या आईला प्रश्न पडला की ज्यांना मद्रास आणि पुणे परवडत नाही त्यांच्या मुलांचे काय? 1947 साली त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना उघडला. त्यातूनच अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. भारत सरकारने 1958 साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

ह्याच सुमारास परळच्या के. ई. एम. रुग्णालयात दोन शाळा निघाल्या. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहाने मराठी घरात आलेल्या कमलाबाई निंबकर ह्यांनी 1950 साली तेथे व्यवसायोपचाराची, म्हणजे दैनंदिन कामांतून हातापायांना पुन्हा वळण लावण्याच्या विद्येची, देशातील पहिली शाळा सुरू केली. त्यानंतर 1952-53 च्या सुमारास, पोलिओची साथ डोळ्यांपुढे ठेवून, जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने भौतिकोपचाराची देशातील पहिली शाळा तेथेच निघाली. 1955 साली भौतिकोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. भारतात ह्या शास्त्राचा पाळणा हलला तो महाराष्ट्राच्या राजधानीत, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

पोलिओच्या मुलांनी ह्या शास्त्राला काय शिकविले, हे सांगितल्याखेरीज इतिहास पुरा होणार नाही. त्या काळी अशा मुलांचे पाय फळ्यांना बांधून ठेवण्याची रीत होती. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी ह्या परिचारिकेने ती नाकारली. ऊन पाण्यात भिजवून पिळलेल्या लोकरी कापडाने ती दुखरे स्नायू शेकी आणि मग मुलाला सांगे की हा स्नायू येथून निघतो, येथे जोडला जातो, आता मन येथे आण. तिच्या काही वैद्यकीय उपपत्ती पुढे टिकल्या नाहीत, डॉक्टरांशी तिचे भांडणही जन्मभर चालले. तथापि स्नायूला पुन्हा शिक्षण देता येते आणि त्यात रोग्याचे लक्ष हे औषधाइतकेच कामाचे असते, हा तिचा आग्रह शास्त्रात कायमचा मुरला. रोगी निमूटपणे पडून राहील आणि उपचारक त्याचे अंग हलवील, ही कल्पना मागे पडली. रोगी हा विद्यार्थी झाला.

उलट बाजूने हाच धडा कुष्ठरोगाने दिला. कुष्ठरोग्याची बोटे रोगाने झडतात अशी सार्वत्रिक समजूत होती. वेल्लोर येथे काम करणारे डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी दाखवून दिले की बहुतांश हानी संवेदना गेल्यामुळे होते. हाताला चटका कळत नाही म्हणून माणूस गरम भांडे सोडीत नाही, पायाला खडा कळत नाही म्हणून तो लंगडत नाही, आणि जखम खोल जाते. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली वसविलेले अमरावतीचे तपोवन आणि बाबा आमट्यांचे वरोड्याजवळचे आनंदवन ह्या संस्थांमुळे हे दुःख महाराष्ट्राला जवळून ठाऊक आहे. जाण गेलेल्या अंगाची काय दशा होते, हे ज्याने पाहिले त्याला अंगाची जाण ही चैनीची गोष्ट वाटणार नाही.

ह्यापुढचे पाऊल पुन्हा स्वीडनमध्ये पडले. जाक द्रोप्सी ह्या फ्रेंच गृहस्थाच्या शिकवणुकीतून स्फूर्ती घेऊन गर्ट्रूड रोक्सेन्दाल ह्या भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी अंगाची जाण वाढविणारी एक उपचारपद्धती बांधली आणि 1985 साली तिच्यावर प्रबंध लिहिला. मनोरुग्णांबरोबर काम करताना त्यांना दिसले की मन बिघडले की चालही बिघडते. श्वास आखूड होतो, पाय जमिनीवर विश्वासाने टेकत नाहीत. तिच्यातील व्यायाम ऐकून कोणी हसेल: निजणे, बसणे, उभे राहणे, चालणे! पण प्रत्येक वेळी विचारायचे की भार कोठे आहे, श्वास मोकळा आहे का, जेवढा जोर हवा तेवढाच लागतो आहे का. येथे मोजायचे ते हालचालीचे प्रमाण नव्हे, तिचा दर्जा. शंभर जोर काढले हा हिशेब तालमीचा. एकदा नीट उठलो हा हिशेब ह्या शाळेचा.

आता हा इतिहास आपल्या उंबरठ्यावर आणू. म्हसावद हे शहादे तालुक्यातील, तोरणमाळच्या वाटेवरचे गाव. मागे सातपुडा, पुढे तापीचे सपाट काळे रान. डोंगरातील पावरा व भिल्ल बांधव आणि सपाटीवरील शेतकरी येथे बाजाराला एकत्र येतात. येथील माणूस घाम गाळून जगतो. म्हणून येथे व्यायामाचा विषय काढला की उत्तर ठरलेले असते: आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला कसला व्यायाम शिकविता? ह्या उत्तरात खरेपणा आहे आणि त्याचा मान राखूनच पुढे बोलले पाहिजे. परंतु अंगमेहनत आणि अंगाची जाण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊसतोडीला गुजरातकडे जाणारी आपल्या जिल्ह्यातील कुटुंबे दिवसभर कंबरेत वाकून कोयता चालवितात आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढवितात. एकच हालचाल हजारो वेळा, थकल्यावरही, दुखल्यावरही. तेथे दुखणे अंगवळणी पडते. ह्या शब्दाचा अर्थ नीट पाहा: वळण अंगाला पडते, आणि मग ते दिसेनासे होते. ह्याचा सर्व दोष राबणाऱ्याच्या अजाणतेपणावर टाकणे अन्यायाचे होईल. मजुरी, तासांची लांबी आणि विश्रांतीचा अभाव हे त्या दुखण्याचे मोठे भागीदार आहेत. नीट उचलायला शिकविले की पाठ कधीच दुखणार नाही, असे वचनही कोणी देऊ नये. पण दुखणे कोठे सुरू होते, कोणत्या हालचालीने वाढते आणि कोणत्या विसाव्याने उतरते, हे ज्याला कळते तो वेळेवर थांबू शकतो, दुसऱ्याला सांगू शकतो, आणि विश्रांती मागूही शकतो.

दुसरे दुखणे रक्तातच वाहते. सिकलसेल हा आजार शिकागोच्या डॉ. हेरिक ह्यांनी 1910 साली प्रथम नोंदला. भारतात त्याची पहिली नोंद 1952 साली निलगिरीतील आदिवासींत झाली. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजांत तो मोठ्या प्रमाणात आढळतो. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष वारसा आला तर मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जेथे रक्त पोचत नाही तेथे असह्य कळा येतात. काही तरुणांत खुब्याच्या सांध्याच्या गोळ्याचाच रक्तपुरवठा तुटतो, हाड खचते, आणि ऐन विशीत माणूस लंगडू लागतो. भौतिकोपचाराने सिकलसेल बरा होत नाही. त्याला तपासणी, औषधे आणि डॉक्टरांची देखरेखच हवी. परंतु लंगडणाऱ्या पायावरचा भार काठीने कसा हलका करावा, सांधा आखडू नये म्हणून काय करावे, कळ ओसरल्यावर हालचाल किती बेताने वाढवावी, पाणी व विसावा कधी घ्यावा, हे शिकविणारा माणूस हाच उपचारक. भीतीने अंग आखडून धरण्याची जी सवय लागते ती सोडविणे हेही त्याचेच काम. वाग्भटाची निम्म्या शक्तीची अट येथे जीव वाचविणारी ठरते, कारण ह्या रोग्याने शक्तीबाहेर श्रम केले तर कळा उठू शकतात.

1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पोलिओचा देशातील शेवटचा रोगी 2011 साली आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हे मोठे विजय आहेत. तथापि पोलिओचा विषाणू गेला म्हणून पोलिओ झालेली माणसे गेली नाहीत, ती आता प्रौढ झाली आहेत. आणि रक्ततपासणीची चिठ्ठी हाती आली म्हणून खुबा चालू लागत नाही. मोहिमा रोग मोजतात, पण रोग्याला चालायला कोणी तरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते. ज्या विद्येचा पाळणा परळला हलला ती अडली आहे ती ह्या शेवटच्या मजलेवर.

कोणी म्हणेल, ही शहरी विद्या डोंगरातल्या माणसाला कशी रुचणार? आमचे मत उलट आहे. होळीच्या रात्री सातपुड्यात जो नाच होतो तो आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कंबरेला भोपळे आणि घुंगरे बांधून, ढोलाच्या ठेक्यावर, चढउताराच्या जमिनीवर, अंधारात रात्रभर पाय न चुकता नाचायला जी अंतःसंवेदना लागते ती शेरिंग्टनच्या ग्रंथात शिकायला मिळत नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी उतरणाऱ्या बाईला तोल शिकवायला कोणी जाऊ नये. ह्या लोकांपाशी अंगाची जाण भरपूर आहे. उपचारकाने ती ओळखावी आणि दुखण्याच्या वेळी तिचा उपयोग करून घ्यावा. पावरीत आणि भिलोरीत पाठीच्या, गुडघ्याच्या, श्वासाच्या दुखण्याला जे शब्द आहेत ते त्याने आधी शिकावेत. शरीराची गोष्ट परक्या भाषेत कळत नाही.

मग आपण काय करावे? आपल्या मागण्या फार मोठ्या नाहीत. शहादे-नंदुरबारची वाट रोग्याला धरावी लागू नये म्हणून सरकारी दवाखान्यात ठरल्या दिवशी भौतिकोपचारतज्ज्ञ यावा, आणि तो दिवस बाजाराचा असावा, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्याला दुसरी फेरी पडणार नाही. आशा कार्यकर्तीला आणि शाळेच्या व्यायामशिक्षकाला चार मूलभूत गोष्टी शिकवाव्यात: लंगडणारे मूल ओळखणे, काठीची उंची ठरविणे, निजलेल्या वृद्धाला कूस कशी बदलावी हे घरच्यांना दाखविणे, आणि कोणते दुखणे डॉक्टरांकडे तातडीने धाडावे हे जाणणे. शाळेत ड्रिलच्या तासाला दहा मिनिटे मुलांना डोळे मिटून उभे राहायला, श्वास ऐकायला, सावकाश बसायला-उठायला शिकवावे. ह्याला खर्च नाही, ह्याला मैदानही लागत नाही. आणि गावच्या तालमीने एक कोपरा अशांसाठी राखावा जे कधी कुस्ती खेळणार नाहीत.

बलवानाला अधिक बलवान करण्यात महाराष्ट्राने शतके घालविली, आणि त्यात चुकीचे काही नव्हते. परंतु समाजाची परीक्षा त्याच्या मल्लांवरून होते तशीच, लंगडणारा माणूस त्याच्या रस्त्याने किती सुखाने चालतो ह्यावरूनही होते. फातिमाबाईंनी विचारलेला प्रश्न, ज्यांना मद्रास आणि पुणे परवडत नाही त्यांच्या मुलांचे काय, आज म्हसावदच्या बाजारपेठेत उभा आहे. त्याचे उत्तर मुंबईने द्यायचे की आपण, हे आपणांसच ठरवायचे आहे.